पड रानाचा मोबदला : सनफ्लॉवर काउंटीतील शेती-अनुदानाचा इतिहास

अमेरिकेच्या संघराज्य सरकारने शेतकऱ्याला थेट रोख रक्कम देण्याची पद्धत १९३३ साली सुरू केली. तिचा इतिहास बहुधा वॉशिंग्टनमध्ये झालेल्या कायद्यांच्या क्रमाने सांगितला जातो. मात्र या रकमेचे वाटप झाले ते काउंटीत, म्हणजे राज्याखालच्या त्या प्रशासकीय घटकात, ज्याला कामकाजाच्या दृष्टीने जिल्हा म्हणता येईल, पण ज्याचा विस्तार पुष्कळदा एखाद्या मोठ्या तालुक्याहून अधिक नसतो. कोणाच्या नावावर किती एकर कापूस धरायचा, त्यातला किती कमी करायचा आणि त्याचा धनादेश कोणाच्या हाती द्यायचा हे प्रश्न काउंटीच्या कचेरीतच सुटत असत. म्हणूनच मिसिसिपी राज्यातील सनफ्लॉवर या एकाच काउंटीचा मागोवा घेतला, तर कायद्याच्या शब्दांत न दिसणारी गोष्ट स्पष्ट होते. अनुदान एकरांवर मोजले गेले आणि एकर थोड्यांच्या मालकीचे होते; त्यामुळे पिकाखालचे क्षेत्र घटवण्यासाठी आलेल्या पैशाने त्या क्षेत्रावर राबणाऱ्या माणसांची संख्याही घटवली.

सनफ्लॉवर काउंटी ज्या प्रदेशात मोडते त्याला स्थानिक लोक ‘डेल्टा’ म्हणतात, जरी तो नदीच्या मुखाशी नसून समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, मिसिसिपी आणि याझू या दोन नद्यांच्या मधल्या पूरमैदानात आहे. पुरांनी शतकानुशतके आणून टाकलेल्या गाळाची ही काळी, खोल जमीन कापसाला अत्यंत अनुकूल होती, परंतु एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत तिचा बराचसा भाग घनदाट जंगलाखाली आणि दलदलीखाली होता. नदीकाठचे बांध उंचावले गेले, लोहमार्ग आले, जंगल तुटले आणि मग वसाहत इतक्या वेगाने वाढली, की १९०० साली सुमारे १६ हजार असलेली काउंटीची लोकसंख्या १९३० साली ६६ हजारांवर पोहोचली. या लोकसंख्येत कृष्णवर्णीयांचे मोठे बहुमत होते. गुलामगिरी १८६५ मध्ये संपली, तरी त्यांपैकी बहुतेकांच्या वाट्याला जमिनीची मालकी आली नव्हती, आणि ते मळेवाल्यांच्या जमिनी अर्धेलीने कसत होते.

या अर्धेलीची रीत समजून घेतल्याशिवाय पुढचा हिशेब उमगत नाही. जमीन, खेचर, अवजारे आणि बियाणे मळेवाल्याचे, श्रम कुळाच्या कुटुंबाचे आणि पीक निम्मे-निम्मे असा व्यवहार होता. वसंतापासून उन्हाळ्यापर्यंत कुळाने काय खायचे, याची तजवीज मळेवाला खावटी देऊन करी. ही खावटी पुष्कळदा मळ्याच्याच दुकानातून, चढ्या भावाने आणि व्याजासह मिळे, आणि वेचणी संपल्यावर डिसेंबरच्या सुमारास होणाऱ्या हिशेबात कुळाच्या हिश्शातून ती वळती केली जाई. वही मळेवाल्याकडे असे आणि तिच्यातील आकड्यांना आव्हान देण्याची सोय कुळाला नसे. काउंटीचे मुख्य ठाणे असलेल्या इंडियानोला गावात १९३०च्या दशकात राहून दोन अभ्यासकांनी समाजशास्त्रातील दोन प्रसिद्ध ग्रंथ लिहिले, जॉन डोलार्ड यांनी १९३७ साली आणि हॉर्टेन्स पावडरमेकर यांनी १९३९ साली. या दोन्ही ग्रंथांतून हीच व्यवस्था दिसते: वर्षभर राबून थोड्याच कुळांच्या हाती रोकड उरे, आणि उरलेली कुळे कर्ज घेऊन पुढल्या हंगामात शिरत किंवा दुसऱ्या मळ्याची वाट धरत.

पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ साली, रुईचा भाव पौंडाला सुमारे ३५ सेंट होता. १९३२ पर्यंत तो सात सेंटांच्या खाली घसरला आणि मळेवाले, त्यांना कर्ज देणाऱ्या बँका व खावटीवर जगणारी कुळे असे सगळेच एका वेळी संकटात सापडले. फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या सरकारने १२ मे १९३३ रोजी शेती समायोजन कायदा केला, तो या परिस्थितीत. त्याचे तत्त्व सरळ होते: पीक कमी झाले की भाव चढेल, आणि जो शेतकरी आपले क्षेत्र स्वेच्छेने कमी करील त्याला सरकार मोबदला देईल. भाव कुठवर चढवायचा हे ठरवण्यासाठी ‘पॅरिटी’ ही संकल्पना योजली गेली. शेतमाल विकून शेतकऱ्याला १९०९ ते १९१४ या काळात इतर वस्तू जेवढ्या प्रमाणात घेता येत होत्या, तेवढ्याच प्रमाणात पुन्हा घेता याव्यात, असा तिचा अर्थ. खर्चासाठी शेतमालावर प्रक्रिया करणाऱ्या गिरण्यांवर कर बसवण्यात आला, आणि सर्व व्यवस्थेची जबाबदारी कृषिमंत्री हेन्री वॉलेस यांच्या खात्याकडे आली.

कायदा झाला तेव्हा कापसाची पेरणी आटोपली होती, त्यामुळे पहिल्या वर्षी न पेरण्याचा मोबदला देणे शक्य नव्हते आणि उभे पीक नांगरून टाकण्याचा मोबदला द्यावा लागला. १९३३च्या उन्हाळ्यात दक्षिणेतील राज्यांत मिळून सुमारे एक कोटी एकर कापूस नांगराखाली गेला, आणि जमिनीच्या अपेक्षित उताऱ्यानुसार एकरी सात ते वीस डॉलर दिले गेले. कापसाच्या ओळींमधून रोपे न तुडवता चालण्याची सवय लावलेली खेचरे ऐन पिकावरून नांगर ओढायला तयार होईनात, ही त्या उन्हाळ्याची आठवण दक्षिणेत दीर्घकाळ सांगितली गेली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात सरकारने एक पतमहामंडळ स्थापन करून पौंडाला दहा सेंट या दराने कापसावर तारण कर्ज देऊ केले. भाव त्याहून चढला तर शेतकऱ्याने माल सोडवून विकावा आणि न चढल्यास माल सरकारकडे सोडून मोकळे व्हावे, अशी त्याची अट असल्यामुळे ते नावाने कर्ज आणि व्यवहारात हमीभावच होते.

पुढल्या दोन हंगामांसाठी, १९३४ आणि १९३५ साली, जो करार करण्यात आला त्यात वाटपाचे प्रमाण आकड्यांत लिहिलेले होते. शेतकऱ्याने कापसाखालचे क्षेत्र सुमारे दोन पंचमांशाने कमी करायचे आणि पड ठेवलेल्या रानाच्या सरासरी उताऱ्यावर सरकारने पौंडामागे साडेचार सेंट द्यायचे, असे ठरले. या रकमेचे दोन भाग होते: साडेतीन सेंट हे जमिनीचे ‘भाडे’, जे मालकाचे, आणि एक सेंट हा ‘पॅरिटी’चा, जो पिकाच्या वाट्याप्रमाणे मालक व अर्धेलीचे कूळ यांच्यात निम्मा-निम्मा. एकरी दोनशे पौंड रुई उतरणारे रान पड ठेवले, तर त्याचे नऊ डॉलर होत आणि त्यांतले आठ मालकाला व एक कुळाला मिळे. ज्या कापसात कुळाचा वाटा निम्मा होता, तो कापूस न पिकवण्याच्या मोबदल्यात त्याचा वाटा असा एक नवमांश झाला. हा डॉलरही अनेकदा मालकाच्या हातून येत असल्यामुळे तो खावटीच्या वहीत जमा होऊन तेथेच राहण्याचा संभव मोठा होता.

हे प्रमाण अनवधानाने ठरलेले नव्हते. करार राबवायचा तर मळेवाल्यांची सही हवी होती, कारण जमीन त्यांची होती. शिवाय योजनेचा कापूस विभाग ज्यांच्या हाती होता ते अधिकारी दक्षिणेतील मोठ्या शेतीशी जवळून परिचित होते. सनफ्लॉवरला लागून असलेल्या बोलिव्हर काउंटीत स्कॉट या गावी ‘डेल्टा अँड पाइन लँड कंपनी’ हा मँचेस्टरच्या सूतगिरणीमालकांच्या भांडवलावर उभा असलेला अवाढव्य मळा होता. त्याचे अध्यक्ष ऑस्कर जॉन्स्टन हे याच योजनेचे वित्त संचालक झाले, आणि तो मळा देशातील सर्वांत मोठ्या अनुदान-लाभार्थ्यांपैकी एक ठरला. १९३६ साली मिशिगनचे सिनेटर आर्थर व्हँडेनबर्ग यांनी मोठ्या लाभार्थ्यांचे आकडे मागितले, तेव्हा हा विषय प्रथम देशापुढे आला.

गावपातळीवरही चित्र असेच होते. प्रत्येक काउंटीत कृषी विस्तार सेवेचा एक ‘काउंटी एजंट’ असे. १९१४च्या कायद्याने उभी राहिलेली ही सेवा सुधारित शेतीचा सल्ला देण्यासाठी होती, पण १९३३ नंतर योजनेची कागदपत्रे तिच्याच टेबलावरून जाऊ लागली. तिच्या जोडीला शेतकऱ्यांमधून नेमलेल्या व पुढे निवडलेल्या समित्या आल्या. मागील वर्षांची लागवड पाहून प्रत्येक शेताचे ‘आधार क्षेत्र’, म्हणजे अनुदान मोजताना गृहीत धरायचे कापसाचे क्षेत्र, निश्चित करणे, उतारा ठरवणे आणि तक्रारी ऐकणे ही त्यांची कामे होती. एकदा नोंदले गेलेले आधार क्षेत्र सातबाऱ्यावरील नोंदीसारखे त्या शेताला चिकटून राही आणि पुढील अनुदाने त्यावरून निघत. या समित्या लोकशाही कारभाराचे उदाहरण म्हणून नावाजल्या गेल्या, आणि १९३८ नंतर कापसाच्या विक्री-मर्यादेवर घेतलेल्या कौलात कृष्णवर्णीय शेतकऱ्यांनाही मत देता येत असे, जे त्यांना सार्वत्रिक निवडणुकांत मिसिसिपीत जवळजवळ अशक्य होते. तरीही डेल्टातील समित्यांवर प्रत्यक्षात बसत ते गोरे जमीनमालकच.

क्षेत्र दोन पंचमांशाने कमी झाले की तेवढ्या कुळांचे कामही संपते, हे करार लिहिणाऱ्यांना दिसत होते, म्हणून कराराच्या सातव्या कलमात मालकाने कुळांची संख्या ‘शक्यतोवर’ पूर्वीइतकीच ठेवावी असे म्हटले होते. संख्या ठेवायची की तीच माणसे ठेवायची, हा वाद त्यातूनच उभा राहिला. मिसिसिपी नदीच्या पलीकडे, आर्कान्सा राज्यातील टायरोंझा गावी, जुलै १९३४ मध्ये गोऱ्या व काळ्या कुळांनी एकत्र येऊन ‘सदर्न टेनंट फार्मर्स युनियन’ ही संघटना काढली आणि कुळे हाकलण्याविरुद्ध दाद मागितली. कृषी खात्यातील विधी विभागाने १९३५च्या आरंभी कलमाचा अर्थ कुळांच्या बाजूने लावला, तेव्हा योजनेचे प्रमुख चेस्टर डेव्हिस यांनी वॉलेस यांच्या संमतीने विधी विभागप्रमुख जेरोम फ्रँक व त्यांच्या काही सहकाऱ्यांना फेब्रुवारीत कामावरून दूर केले. त्यानंतर त्या कलमाचा अर्थ ठरवण्याचा अधिकार व्यवहारात काउंटीतील समित्यांकडे, म्हणजे बहुधा ज्यांच्याविरुद्ध तक्रार असे त्यांच्याच वर्गाकडे, राहिला.

सर्वोच्च न्यायालयाने ६ जानेवारी १९३६ रोजी प्रक्रिया-कराची योजना घटनाबाह्य ठरवली, परंतु काँग्रेसने अवघ्या दोन महिन्यांत मृदसंधारणाच्या नावाने अनुदान पुन्हा चालू केले. आता पैसा कापूस न पेरण्यासाठी नव्हे, तर जमिनीचा कस राखणारी पिके घेण्यासाठी मिळू लागला, आणि १९३८च्या कायद्याने ही व्यवस्था कायम झाली. टीकेचा परिणाम होऊन नव्या नियमांत कुळाचा वाटा वाढवण्यात आला, पण त्यातून एक अनपेक्षित गोष्ट घडली. अर्धेलीच्या कुळाला अनुदानात वाटा द्यावा लागे, रोजंदारीच्या मजुराला द्यावा लागत नसे. त्यामुळे कुळाला मजूर करणे मालकाच्या फायद्याचे झाले. शिवाय हातात आलेल्या रोख रकमेतून ट्रॅक्टर घेता येत होता, आणि एका ट्रॅक्टरमुळे अनेक खेचरे व ती हाकणारी कुटुंबे अनावश्यक ठरत होती. सनफ्लॉवर काउंटीची लोकसंख्या १९४० पर्यंत ६१ हजारांवर आली होती, आणि तोवर कापूस वेचणारे यंत्र बाजारात आलेही नव्हते.

वेचणी हा हाताचा शेवटचा बालेकिल्ला होता. रस्ट बंधूंनी १९३६ साली डेल्टातील स्टोनव्हिल येथे आपल्या यंत्राचे प्रात्यक्षिक दाखवले होते, परंतु निर्णायक ठरले ते २ ऑक्टोबर १९४४ रोजी शेजारच्या कोहोमा काउंटीतील हॉपसन मळ्यावर ‘इंटरनॅशनल हार्वेस्टर’च्या आठ यंत्रांनी केलेले प्रात्यक्षिक. त्या मळ्याने केलेल्या हिशेबानुसार हाताने वेचलेल्या एका गाठीला सुमारे ३९ डॉलर लागत, तर यंत्राने वेचलेल्या गाठीला सव्वापाच. मशागत ट्रॅक्टरकडे, तण तणनाशकाकडे आणि वेचणी यंत्राकडे गेल्यावर, कुळांना ठेवून घेण्याचे कारण उरले नाही. शिकागो, सेंट लुइस आणि डेट्रॉइटकडे जाणारी कुटुंबे वाढत गेली आणि १९६० साली काउंटीत ४६ हजारांहून कमी लोक उरले. या स्थलांतराची सारी जबाबदारी अनुदानावर टाकता येणार नाही, कारण वर्णभेदाचा जाच आणि उत्तरेतील कारखान्यांची मजुरी यांचेही बळ त्यामागे होते. पण यंत्र घेण्याइतके भांडवल आणि बुडण्यापासून संरक्षण या दोन्ही गोष्टी मळेवाल्याला अनुदानाने पुरवल्या होत्या.

१९६०च्या दशकात या व्यवस्थेची दोन टोके सनफ्लॉवर काउंटीतच, काही मैलांच्या अंतरावर, सार्वजनिक जीवनात उभी राहिली. डॉड्सव्हिल येथे सिनेटर जेम्स ईस्टलँड यांचा साडेपाच हजार एकरांहून मोठा मळा होता. ते सिनेटच्या न्यायविषयक समितीचे अध्यक्ष आणि कृषी समितीचे ज्येष्ठ सदस्य होते, आणि त्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांच्या मळ्याला कापसाच्या अनुदानापोटी वर्षाला एक लाख डॉलरहून अधिक रक्कम मिळत असे. रूलव्हिलजवळच्या एका मळ्यावर अर्धेलीने कसणाऱ्या आणि वजन-हजेरीची नोंद ठेवणाऱ्या फॅनी लू हेमर यांनी ३१ ऑगस्ट १९६२ रोजी इंडियानोलाला जाऊन मतदार म्हणून नाव नोंदवण्याचा प्रयत्न केला, तेव्हा अठरा वर्षे राबलेल्या त्या मळ्यावरून त्यांना त्याच दिवशी घालवून देण्यात आले. त्याच वर्षाच्या अखेरीस शेजारच्या लिफ्लोर काउंटीच्या कारभाऱ्यांनी गरिबांना मिळणारे सरकारी अन्नधान्य बंद केले. भाव राखण्यासाठी सरकारने विकत घेतलेला हा अतिरिक्त शेतमालच होता, म्हणजे त्याच शेती-धोरणाची दुसरी शाखा. तिचे वाटपही काउंटीच्या मर्जीवर सोडलेले होते.

नागरी हक्क चळवळीतील तरुण कार्यकर्त्यांनी हे वर्म ओळखले. मतदार नोंदणीबरोबर त्यांनी १९६४-६५ पासून मिसिसिपीत शेती-अनुदान समित्यांच्या निवडणुकाही लढवायला घेतल्या, कारण आधार क्षेत्र कोणाचे वाढते आणि कोणाचे कापले जाते हे तेथे ठरत होते. नागरी हक्क आयोगाने १९६५च्या अहवालात दक्षिणेतील शेती-योजनांमधला भेदभाव अधिकृतपणे नोंदवला. हेमर यांनी १९६९ साली ४० एकर घेऊन ‘फ्रीडम फार्म’ ही सहकारी शेती सुरू केली. ती पुढे सहाशे एकरांपलीकडे वाढली. भाजीपाला, सोयाबीन आणि कर्ज फेडण्यापुरता कापूस तिथे पिकत असे, पण पूर, अवर्षण आणि कर्ज यांपुढे ती १९७०च्या दशकाच्या मध्यापलीकडे तगली नाही. एका लाभार्थ्याला किती रक्कम मिळावी यावर पहिली मर्यादा १९७०च्या कायद्याने घातली, आणि ती एका पिकामागे ५५ हजार डॉलर होती.

मर्यादा आली की वाटण्या होतात, हा जमीन कमाल मर्यादेच्या कायद्यानंतर महाराष्ट्राने पाहिलेला अनुभव डेल्टालाही आला. एकच मळा कागदोपत्री अनेक भागीदाऱ्या आणि कंपन्यांत विभागून प्रत्येकीच्या नावे स्वतंत्र अनुदान घेण्याची जी युक्ती १९८०च्या दशकात रूढ झाली, तिला ‘मिसिसिपी ख्रिसमस ट्री’ हे नाव पडले, कारण मालकीचा तक्ता काढला की तो फांद्याफांद्यांनी सजवलेल्या सूचिपर्णी झाडासारखा दिसे. काँग्रेसने १९८७ साली एका व्यक्तीला जास्तीत जास्त तीन घटकांमार्फतच अनुदान घेता येईल असा नियम केला. कृष्णवर्णीय शेतकऱ्यांचा जुना प्रश्न १९९७ साली न्यायालयात गेला. काउंटी कचेऱ्यांनी कर्ज व मदत देताना वर्णभेद केल्याचा आरोप असलेल्या या ‘पिगफर्ड’ खटल्यात १९९९ मध्ये तडजोड होऊन पंधरा हजारांहून अधिक जणांना भरपाई मिळाली, आणि मुदत हुकलेल्यांसाठी २०१० साली आणखी सव्वा अब्ज डॉलरची तरतूद झाली. तोपर्यंत मूळ तक्रार सोसलेल्या पिढीतील अनेकांची जमीन गेलेली होती.

शतक उलटता उलटता या अनुदानाचा परिणाम डेल्टाच्या बाहेर, थेट वऱ्हाडापर्यंत मोजला जाऊ लागला. २००१-०२ या हंगामात जागतिक बाजारात रुईचे भाव कित्येक दशकांतील तळाला असताना अमेरिकेतील सुमारे २५ हजार कापूस उत्पादकांना तीन अब्ज डॉलरहून अधिक मदत मिळाली, आणि त्यामुळे तेथील कापूस पडत्या भावातही निर्यात होत राहिला. ब्राझीलने २००२ साली जागतिक व्यापार संघटनेकडे तक्रार केली आणि ती जिंकली. बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या चार आफ्रिकी देशांनी हाच प्रश्न सप्टेंबर २००३ मध्ये कॅनकून येथील परिषदेत मांडला. महाराष्ट्रात १९७२ पासून चालत आलेली एकाधिकार कापूस खरेदी योजना याच सुमारास तोट्याखाली वाकली होती, आणि यवतमाळ-अमरावतीच्या बाजारात अमेरिकन अनुदान हा शब्द शेतकरी चळवळीच्या भाषणांत नेहमीचा झाला होता. त्या भाषणांतील अमेरिकन शेतकरी मात्र एकसंध असे. त्याच्यामागे डेल्टातून निघून गेलेले कूळ उभे आहे याची जाणीव त्यात नसे.

या इतिहासातून अनुदान मुळातच चुकीचे होते असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. १९३३ नंतर कापसाचा भाव सावरला, बँका वाचल्या आणि लिलावाच्या उंबरठ्यावर असलेल्या अनेक शेतांची मालकी टिकली. दक्षिणेची शेती कोसळू न देणे हा हेतू असेल, तर तो साधला गेला. परंतु सनफ्लॉवर काउंटीत शेती म्हणजे काय, याची व्याख्या करारातच ठरून गेली होती: शेती म्हणजे जमीन, तिचा उतारा आणि तिचा मालक. त्या जमिनीवर राबणाऱ्या कुटुंबांचा उल्लेख एका कलमात आणि ‘शक्यतोवर’ या शब्दाच्या आधाराने आला होता, आणि तो शब्द किती ताणायचा हे ठरवणारे लोक समितीच्या खोलीत बसले होते. १९३० साली ६६ हजार माणसे असलेल्या या काउंटीत २०२० साली सुमारे २६ हजार उरली. १९३३ साली पहिल्या एकरांची मोजणी ज्यांनी पाहिली, त्यांपैकी बहुतेकांची नातवंडे आज तिच्या हद्दीबाहेर राहतात.